एकच पर्याय निवडा

काशीतला राजा घाट नारद घाट आणि खोरी घाट यांच्यामध्ये आहे. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे 1803 मध्ये इंग्रजांशी तह करून, तनखा स्वीकारून सत्तेच्या राजकारणातून बाजूला झाले. या घाटाची दगडी बांधणी, वरचा वाडा, देवळे आणि अन्नछत्र त्यांच्या नावाशी जोडलेली आहेत. हा घाट वारसास्थळांची नोंद ठेवणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचा आहे, असे धरू. पडद्यावर प्रश्न येतो, 'घाटाचा वापर'. त्याखाली सहा पर्याय: स्नान, देवालय, अन्नदान, निवास, होड्यांचा धक्का, अंत्यसंस्कार. आणि सूचना, एकच पर्याय निवडा.

नोंद करणारा माणूस प्रामाणिक असला तरी इथे त्याला खोटे लिहावेच लागते. त्याने 'स्नान' निवडले की अन्नछत्र गेले, वाडा गेला, देवळेही गेली. पुढे कोणी अभ्यासक काशीच्या घाटांवरच्या अन्नछत्रांची यादी मागेल, तेव्हा राजा घाट तिच्यात नसेल. काही सुटले आहे असे त्या यादीकडे पाहून त्याला कळणारही नाही, कारण यादी नीटनेटकी आणि पूर्ण दिसेल. वाराणसीचा हा ऐतिहासिक नदीकाठ 2021 पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहे. चौऱ्याऐंशी घाटांची नोंद अशी होणार असेल तर ती न झालेली बरी, असे मी पूर्ण विचाराने म्हणतो. कोरा कागद निदान पुन्हा भरता येतो.

एक निवडायचे की अनेक, हा प्रश्न पडद्यावर एका निवडीचा गोल ठेवायचा की अनेक निवडींचा चौकोन एवढ्यावर सोडला जातो. प्रत्यक्षात तो पडद्याच्या खाली, सॉफ्टवेअरच्या रचना-आराखड्यात ठरायला हवा. कोणते पर्याय आहेत, त्यांतला कोणता अनिवार्य, कोणता ऐच्छिक, कोणता निवडला की दुसरा घ्यावाच लागतो, कोणते दोन एकत्र राहू शकत नाहीत, हे सारे त्या आराखड्यात लिहिलेले असते. या विषयाची पायाभूत मांडणी 1990 मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये क्यो कांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. तिच्यात अनिवार्य पर्याय होते, ऐच्छिक होते, आणि 'यांपैकी नेमके एक' असा गट होता. 'यांपैकी एक किंवा अनेक' हा स्वतंत्र गट मात्र पुढच्या वर्षांत इतरांनी जोडला. कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, हे आकड्यांत सांगण्याची सोय त्याहूनही नंतरची. म्हणजे या विद्येच्या जाणकारांनासुद्धा अनेक पर्यायांसाठी नवी जागा करावी लागली. आपल्याकडचे अर्ज बनवणारे अजून पहिल्या टप्प्यावर रेंगाळले आहेत, याचे मला दुःख आहे.

यावर एक पळवाट काढली जाते. 'स्नान आणि देवालय', 'देवालय आणि निवास' असे जोडपर्याय यादीत घालायचे आणि निवड एकच ठेवायची. सहा वापरांचे असे मेळ किती होतात? एकही न निवडण्यासकट 64. पर्याय वीस असले तर मेळ 10,48,576. एवढी यादी कोणी लिहिणार नाही. लिहिणारा आपल्याला सुचलेले चारपाच मेळ घालेल आणि उरलेल्या घाटांना त्यांत कोंबेल. बरोबर रीत सोपी आहे. सहा पर्यायांचे सहा वेगळे प्रश्न करायचे आणि प्रत्येकाला स्वतःचे उत्तर द्यायचे. साठवतानाही ती उत्तरे वेगळीच ठेवायची. सगळी एका रकान्यात स्वल्पविराम देऊन चिकटवली तर 'स्नान, अन्नदान' आणि 'अन्नदान, स्नान' हे संगणकाला दोन निराळे वापर वाटतात आणि मोजणी पहिल्याच दिवशी चुकते.

न केलेल्या खुणेचा अर्थ काय, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. चौकोन रिकामा असेल तर 'नाही' असे धरले जाते. पण तिथे अन्नदान होत नव्हते, की नोंद करणाऱ्याला माहीत नव्हते, की त्याने विचारलेच नाही? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि रिकामा चौकोन तिन्हींना एकच रूप देतो. लिनक्स या संगणकप्रणालीचा गाभा बांधताना वापरल्या जाणाऱ्या केकॉन्फिग या आराखड्यात हजारो पर्याय आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांना 'हो' आणि 'नको' यांशिवाय 'मॉड्यूल म्हणून ठेवा' असे तिसरे उत्तर आहे. गरज होती म्हणून तिथे तिसरे उत्तर आले. वारसा-नोंदीत, आरोग्य-नोंदीत, शाळेच्या अर्जात 'माहीत नाही' या तिसऱ्या उत्तराची गरज कितीतरी जास्त आहे. तीच गोष्ट नंतर जोडलेल्या पर्यायाची. पहिल्या वर्षी 'होड्यांचा धक्का' यादीत नसेल आणि तिसऱ्या वर्षी आला असेल, तर जुन्या सगळ्या नोंदींत त्याच्यापुढे 'विचारले नव्हते' असेच राहिले पाहिजे. तिथे आपोआप 'नाही' बसले, तर कोणताही माणूस खोटे न बोलता शेकडो खोट्या नोंदी तयार होतात.

पर्यायांमधले विरोध कोण ठरवणार? हाच मला या विषयाचा गाभा वाटतो. काशीला कधी न आलेला एखादा हुशार तरुण आराखडा लिहायला बसला, तर 'अंत्यसंस्कार असेल तर स्नान नाही' हा नियम त्याला सहज सुचेल. स्वच्छतेच्या दृष्टीने तो पटण्यासारखाही आहे. पण मणिकर्णिकेवर चिता जळतात आणि मणिकर्णिकेचे स्नान काशीच्या पंचतीर्थी यात्रेचा भाग आहे. अस्सी, दशाश्वमेध, पंचगंगा आणि आदिकेशव यांच्या बरोबरीने ते नाव घेतले जाते. तो नियम सॉफ्टवेअरमध्ये गेला, तर पंचतीर्थांपैकी एका तीर्थावर स्नान होत नाही अशी नोंद होईल आणि बरोबर माहिती भरणाऱ्याला पडदा लाल अक्षरांत चूक दाखवेल. याच्या उलट खरे विरोध आणि खऱ्या अटी सुटून जातात. घाटाघाटाने चालत जाण्याची वाट उघडी आहे का, याचे उत्तर पावसाळ्यात वेगळे असते. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी 71.262 मीटर मानली जाते, आणि पाणी तिथवर पोचण्याच्या कितीतरी आधीच खालच्या पायऱ्या बुडतात आणि एका घाटावरून शेजारच्या घाटावर जाणारी वाट तुटते. अशा पर्यायाला ऋतूची आणि पातळीची अट जोडावी लागते. ती अट नावाडी सांगेल, तीर्थोपाध्ये सांगतील, पायऱ्यांवर दुकान मांडणारा सांगेल. त्यांना विचारल्याशिवाय आराखडा लिहू नये.

एका खुणेने दुसरी खूण गुपचूप लागणे हाही धोका आहेच. केकॉन्फिगमध्ये एक पर्याय दुसऱ्याला सक्तीने चालू करू शकतो आणि तसे करताना त्या दुसऱ्याच्या स्वतःच्या अटी पाळल्या गेल्या आहेत की नाही हे पाहिले जात नाही. म्हणून ही सोय जपून वापरावी, असे त्याच्या माहितीपत्रकातच बजावलेले आहे. जगभरचे निष्णात प्रोग्रॅमर ज्या सोयीपासून सावध राहतात, ती सरकारी अर्जांत बेफिकीरपणे वापरली जाऊ नये. 'देवालय' निवडले म्हणून 'खाजगी मालकी नाही' असे आपोआप भरले गेले, तर वाड्यातल्या घरगुती देवळाचे काय होईल याचा विचार करावा. जे आपोआप भरले ते भरणाऱ्याला दिसले पाहिजे, आणि त्याला ते खोडता आले पाहिजे.

हे घाटांपुरते राहत नाही. काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत माणसे घरात मराठी बोलतात, बाजारात हिंदी आणि भोजपुरी, वेदपाठशाळेत शिकलेल्यांना संस्कृत येते, नोकरी करणाऱ्यांना इंग्रजी. 2011च्या जनगणनेत मातृभाषा एक आणि तिच्याखेरीज येणाऱ्या भाषा जास्तीत जास्त दोन, अशी सोय होती. हाही आराखडाच: एका गटात नेमके एक, दुसऱ्यात शून्य ते दोन. पाच भाषा येणाऱ्या माणसाच्या दोन भाषा या मर्यादेपायी गळाल्या. ती घालण्यामागे छपाई, संकेतांक, मोजणीचा खर्च अशी कारणे असू शकतात. कागदाच्या काळात ती वजनदार होती हे मान्य. अमेरिकेत वंशाच्या प्रश्नाला 'एक किंवा अनेक' उत्तरे देण्याची मुभा 2000च्या जनगणनेत पहिल्यांदा मिळाली, तेव्हा सुमारे 68 लाख माणसांनी एकाहून अधिक खुणा केल्या. ही माणसे आधीही होतीच. अर्जात त्यांना जागा नव्हती.

आपली पुढची जनगणना डिजिटल पद्धतीने घेण्याचे ठरले आहे. देशाच्या बहुतेक भागांसाठी तिची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 असून लोकांना स्वतः माहिती भरण्याचीही सोय ठेवली आहे. कागदावर गणक समासात दोन शब्द लिहू शकत असे. सॉफ्टवेअरला समास नसतो. आराखड्यात नसलेले उत्तर तिथे देताच येत नाही. म्हणून अशा प्रत्येक सरकारी सॉफ्टवेअरचा आराखडा, म्हणजे कुठे एक, कुठे अनेक, मर्यादा किती, रिकाम्या जागेचा अर्थ काय, काय आपोआप भरले जाते, हे सारे काम सुरू होण्याआधी मराठी, हिंदी आणि इतर भारतीय भाषांत जाहीर झाले पाहिजे. ज्यांची नोंद होणार आहे त्यांना तो वाचून हरकत घेण्यासाठी पुरेसा वेळ मिळाला पाहिजे, आणि आलेल्या हरकतींचे काय झाले हेही लेखी कळले पाहिजे. प्रश्नावली राजपत्रात छापणे आवश्यकच आहे. पण एखाद्या प्रश्नाला किती उत्तरे देता येतील हा त्या प्रश्नाचाच भाग आहे, आणि तो आज्ञावलीत लपलेला राहू नये.