जुना लॅपटॉप, घरचा ओटा आणि हलकं लिनक्स



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि आपल्या घरांतले कितीतरी जुने लॅपटॉप माळ्यावर गेले. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याचा एक उपयोग सांगतो. त्यावर घरचा व्हॉइस सर्व्हर चालवा, म्हणजे बोलण्यासाठी कायम उघडी असलेली एक खोली.

"व्हॉट्सअ‍ॅप आहे की!" असं म्हणाल. आहेच, पण तिथे फोन वाजतो आणि तो कुणीतरी उचलावा लागतो. माझी आजी अमळनेरला असते. नजर अधू झाल्याने स्क्रीनवरचं बटण तिला सापडत नाही, फोन वाजून वाजून बंद होतो. उघड्या खोलीत मात्र तिने नुसतं "कोण आहे रे?" म्हटलं, की सुरत, पुणे, नाशिक, जो असेल तो ओ देतो. अगदी गावच्या ओट्यासारखं.

यासाठी मम्बल हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर चांगलं. त्याचा सर्व्हर आवाज एकत्र मिसळत बसत नाही. एकाकडून आलेला आवाज बाकीच्यांना पोचवतो, बस. त्यामुळे २ जीबी रॅमसुद्धा पुष्कळ झाली. आजीच्या अँड्रॉइड टॅबवर मम्ला हे अ‍ॅप चालतं.

आता लिनक्स कोणतं? आधी प्रोसेसर ६४ बिट आहे का ते बघा.

अल्पाइन सर्वांत हलकं. किमान इन्स्टॉलेशनला डिस्कवर साधारण १३० एमबी पुरतात. पण त्याची घडण वेगळी असल्याने इतर लिनक्ससाठी लिहिलेल्या सूचना जशाच्या तशा लागू होत नाहीत.

३२ बिट मशीन असेल तर अँटीएक्स २३ बघा. डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही.

बाकी सगळ्यांसाठी माझं मत डेबियनला. इन्स्टॉल करताना डेस्कटॉपच्या खुणा काढून टाका, फक्त एसएसएच ठेवा. सर्व्हरला खिडक्या आणि वॉलपेपर कशाला? मम्बल-सर्व्हर हे पॅकेज तिथे तयारच मिळतं. सर्वांत हलकं शोधण्यापेक्षा, आपण परगावी असताना धाकट्या भावाला फोनवरून दुरुस्त करता येईल असं निवडा.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा:

१. झाकण बंद केल्यावर लॅपटॉप झोपणार नाही अशी सेटिंग करा. बॅटरी फुगली असेल तर ती वापरू नका. सुरतच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही. बॅटरी चांगली असेल तर लाइट गेल्यावर तीच यूपीएस. मात्र राउटरलाही बॅकअप हवा.

२. आपल्याकडे अनेक ब्रॉडबँड कंपन्या एकच पब्लिक आयपी बऱ्याच ग्राहकांत वाटतात. मग राउटरवर पोर्ट ६४७३८ उघडूनही बाहेरून कुणी पोचत नाही. अशा वेळी सर्व्हरवर आणि सगळ्यांच्या फोनवर टेलस्केल टाका. पोर्ट उघडायची गरजच राहत नाही.

३. लॅपटॉप १५ वॅट खात असेल तर महिन्याला सुमारे ११ युनिट होतात. बाबांना आधीच सांगा!

आणि सर्व्हरला पासवर्ड हवाच. ओटा आपला असला, तरी रस्त्यावरचा कुणीही येऊन बसावा असं नाही.

येत्या सुट्टीत गावी जाल, तेव्हा आजीचा टॅब स्वतः लावून द्या. हे काम फोनवरून समजावण्यासारखं नाही. अडलात तर जरूर कळवा.