प्लास्टरनंतरचा प्रश्न

ऑक्टोबरमध्ये, २० तारखेच्या जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिनाच्या आगेमागे, गृहसंकुलांच्या सभागृहांत आणि औषधांच्या दुकानांबाहेर ‘हाडांची घनता तपासणी मोफत’ असे फलक लागतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातही ते नवे नाहीत. रांगेत बहुतेक पन्नाशी-साठीच्या बायका असतात. टाच एका छोट्या यंत्रात ठेवायची, दोन-तीन मिनिटांत चिठ्ठी बाहेर येते, तिच्यावर एक उणे आकडा असतो आणि शेजारी हिरवा, पिवळा, लाल पट्टा. आकडा लाल पट्ट्यात गेला की घरी जाताना पिशवीत कॅल्शियमच्या गोळ्या असतात. बऱ्याच जणींची हाडांची तपासणी इथेच सुरू होते आणि इथेच संपते.

ही चिठ्ठी खोटी असते असे नाही. मात्र ती जे सांगते असे आपल्याला वाटते, ते ती सांगत नाही. टाचेचे यंत्र ध्वनिलहरी सोडून हाडाचा अंदाज घेते. उणे अडीचच्या खाली आकडा म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, ही मोजपट्टी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने १९९४ मध्ये घालून दिली, आणि ती वेगळ्याच तपासणीसाठी आहे. त्या तपासणीला डेक्सा म्हणतात. टेबलावर झोपवून, छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी किरणांत, खुबा आणि कंबरेच्या मणक्यांची घनता मोजली जाते आणि ती निरोगी तरुण स्त्रीच्या सरासरीशी ताडून पाहतात. उणे एकपर्यंत ठीक, उणे एक ते उणे अडीच म्हणजे घनता कमी, उणे अडीच किंवा त्याखाली गेले की ऑस्टिओपोरोसिस. टाचेच्या आकड्याला हीच पट्टी लावता येत नाही. शिबिरातली चिठ्ठी लाल असेल तर घाबरून गोळ्या सुरू करायच्या नाहीत आणि हिरवी असेल तर निर्धास्तही व्हायचे नाही. फार तर ‘डॉक्टरांशी बोला’ एवढाच तिचा अर्थ.

आणखी एक घोळ आपल्या भाषेतच आहे. गुडघा दुखला की ‘हाडांची झीज’, हाडे ठिसूळ झाली तरी ‘हाडांची झीज’. गुडघ्यात झिजते ती प्रामुख्याने सांध्यातली कूर्चा, आणि ती दुखते. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाड आतून पोकळ, जाळीदार होत जाते आणि ते मोडेपर्यंत काहीही दुखत नाही. शिबिराच्या रांगेतल्या पुष्कळ जणी गुडघ्यासाठी आलेल्या असतात. जिचे मनगट दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात घसरून मोडले होते आणि आता ठणठणीत आहे, ती रांगेत नसतेच. खरे तर पहिला नंबर तिचा.

उभ्या उंचीवरून, म्हणजे चालता चालता किंवा घरातल्या घरात पडून मनगट, खांदा, खुबा किंवा मणका मोडला तर तो निव्वळ अपघात समजायचा नाही. निरोगी हाड तेवढ्याने मोडत नाही. पन्नाशीनंतर अशा किरकोळ पडण्याने खुबा किंवा मणका मोडला असेल तर डेक्साचा आकडा काहीही येवो, तो ऑस्टिओपोरोसिसच मानतात. एक हाड असे मोडलेल्या माणसाचे दुसरे मोडण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो, आणि पहिली एक-दोन वर्षे सर्वांत धोक्याची असतात. तरीही घडते काय? मनगटाला प्लास्टर, सहा आठवड्यांनी ते काढणे, ‘आता हात हलवत राहा’ आणि नमस्कार. हाड का मोडले, हे विचारायला कुणाला वेळ नसतो, आणि रुग्णाला ते विचारायचे असते हेच ठाऊक नसते. आंतरराष्ट्रीय ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशनने २०१२ मध्ये जगभर मोहीम सुरू केली ती नेमकी यासाठी: प्लास्टरच्या खोलीत आलेला पन्नाशीपुढचा प्रत्येक रुग्ण पुढच्या तपासणीपर्यंत पोहोचवायचा. त्याला महागडे यंत्र लागत नाही. एक नोंदवही आणि पाठपुरावा करणारे एक माणूस लागते.

मणक्याचे तर त्याहून अवघड. मणका दबून मोडला तरी अनेकदा कळतही नाही. पाठ थोडे दिवस धरते, बाम चोळला जातो, ब्लाउज समोरून लांब वाटू लागतो, ‘आई वाकली’ असे घरातले म्हणतात. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चारेक सेंटिमीटर कमी झाली असेल तर पाठीचा बाजूने काढलेला साधा एक्स-रे पुरतो. पंचाहत्तर वर्षांच्या बाईच्या वाकण्याला आपण वय म्हणून सोडून देतो, त्यात हे मणके लपलेले असतात.

या तीन शहरांचे जगणेही हाडांना फारसे मानवणारे नाही. सकाळी साडेसहा-सातची लोकल पकडणारी बाई फलाटावर कोवळ्या उन्हात उभी असते, पण त्या उन्हात त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण जवळजवळ नसतात. ते मिळतात साधारण दहा ते तीनच्या दरम्यान, आणि तेव्हा ती कार्यालयात असते. काचेतून आलेल्या उन्हाचा इथे उपयोग नाही. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या जीन्सच्या कारखान्यांत शिवणयंत्रावर बसलेल्या माणसांनाही दुपारचे ऊन दिसत नाही. जुन्या चार मजली इमारतींना लिफ्ट नाही. जिने चढणे हाडांसाठी चांगलेच. पण पाण्याच्या कपातीच्या दिवशी कमरेतून वाकून भरलेली कळशी उचलणे हे ठिसूळ मणक्यासाठी सर्वांत वाईट. स्कूटरवर मागे एका बाजूला बसून खड्ड्यातून आदळत जाणेही तसेच.

उल्हासनगरपुरती एक बाब वेगळी लिहायला हवी. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधी समाजात थॅलेसिमियाचे वाहक देशाच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त आहेत. थॅलेसिमिया मेजर असलेल्या मुलाला आयुष्यभर रक्त भरावे लागते. रक्त तयार करण्याच्या धडपडीत मज्जा फुगते, हाड पातळ होते, साचलेल्या लोहामुळे संप्रेरके घटतात, आणि म्हातारपणचा समजला जाणारा आजार विशीतच गाठतो. अशा मुलांची डेक्सा दहाव्या वर्षाच्या सुमारास सुरू करावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. रक्त आणि लोह यांच्या हिशेबात पालक इतके बुडालेले असतात की हाडांचा विषय मागे पडतो.

गरिबीचा हाडांशी संबंधही जुनाच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कमी उत्पन्न गटातल्या तीस ते साठ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास तीस टक्के जणींच्या खुब्याच्या हाडात ऑस्टिओपोरोसिस आढळला. हा आजार पासष्टीनंतरचा, हे पाश्चात्त्य गणित आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाही.

मग तपासणी कुणी करावी? अमेरिकेतल्या सूचना ६५ वर्षांवरच्या सर्व स्त्रियांची डेक्सा करा म्हणतात. आपल्याकडे हाडे आधी मोडतात. त्यामुळे पाळी पंचेचाळिशीच्या आत थांबली किंवा गर्भाशयासोबत बीजकोशही काढले, आई-वडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता, वजन फारच कमी आहे, धूम्रपान किंवा दारू आहे, संधिवात किंवा दम्यासाठी तीन महिन्यांहून जास्त स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या आहेत, अशांनी साठीची वाट पाहू नये. स्टिरॉइडबाबत एक खटकणारी गोष्ट: सांधेदुखीवर ‘रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांतही ते असू शकते. पुडीने दोन दिवसांत जादू झाली तर संशय घ्यावा. पुरुषही सुटलेले नाहीत; त्यांची हाडे उशिरा मोडतात, पण खुबा मोडल्यावर मृत्यूचे प्रमाण त्यांच्यात अधिक आहे.

डेक्सापाशी थांबूनही चालत नाही. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि ईएसआर एवढ्या रक्ताच्या तपासण्या तरी हव्यात. ड जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेने हाड मऊ पडते आणि डेक्सात ते ऑस्टिओपोरोसिससारखेच दिसते, पण उपचार वेगळा. कधी मोडलेल्या मणक्यामागे मज्जेचा कर्करोग निघतो.

आता पैशांकडे वळू. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने सत्तरीवरच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारतचे पाच लाखांचे संरक्षण दिले. महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व कुटुंबांसाठी खुली केली. हे मोठे पाऊल आहे. खुबा मोडलेल्या आजीला घरीच पाडून ठेवण्याचे एक कारण तरी त्याने कमी होईल. पण या योजना रुग्णालयात दाखल झाल्यावर चालतात. बाह्यरुग्ण म्हणून केलेली डेक्सा आणि आठवड्याची एक गोळी त्यांत बसत नाही. तिशीवरच्या सर्वांची मधुमेह, रक्तदाब आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुखाच्या कर्करोगांसाठी तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमातही हाडे नाहीत. म्हणजे सरकार खुब्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे देईल, पण त्याआधी मनगट मोडले होते तेव्हा काही हजारांची तपासणी घरच्यांनीच करायची. माझ्या मते प्रत्येक रुग्णालयात डेक्सा यंत्राची मागणी करण्याआधी प्लास्टरच्या खोलीतली ती नोंदवही मागितली पाहिजे. ती उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयापासून बदलापूरच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत कुठेही सुरू करता येईल. पडण्याने मोडलेल्या खुब्याला किंवा मणक्याला उपचार सुरू करायला यंत्राची वाट पाहावी लागत नाही.

आहाराचे सोपे आहे. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. पेलाभर दूध किंवा वाटीभर दही दोन-अडीचशे देते, नाचणीची एक जाडसर भाकरी जवळपास दोनशे, काट्यांसकट खाल्लेली छोटी मासळी चांगली भर घालते. सिंधी घरातली साईभाजी पौष्टिक खरी, पण पालकातले कॅल्शियम ऑक्झॅलेटमुळे शरीराला फारसे मिळत नाही. तिच्यावर हिशेब धरू नये. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडेच. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिटचा डोस देऊन पाहिला, तेव्हा पडणे आणि हाडे मोडणे वाढले, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

ऑस्टिओपोरोसिस ठरल्यावर नुसत्या कॅल्शियमने भागत नाही. अ‍ॅलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी, भरपूर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा तास आडवे व्हायचे नाही, चहाही नाही; नाहीतर अन्ननलिका जळते किंवा गोळी वाया जाते. हे न जमणाऱ्यांसाठी वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रॉनिक आम्ल देतात. डेनोसुमॅबचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असते, आणि ते सुरू करताना एक गोष्ट घरातल्या सर्वांना माहीत हवी: बरे वाटते म्हणून किंवा गावी गेलो म्हणून पुढचे इंजेक्शन चुकवले, तर घनता झपाट्याने उतरते आणि एकाच वेळी अनेक मणके मोडू शकतात. थांबवायचे असेल तर दुसरे औषध सुरू करूनच. त्यामुळे पहिल्या इंजेक्शनच्या दिवशीच सहा महिन्यांनंतरची तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवावी, आणि ती आजीने नव्हे, सुनेने किंवा मुलाने लिहावी.