सही घेण्याआधी समज तपासा

भांडुप पश्चिमेच्या टेकडीवरच्या खोल्या, कोकणनगर-टेंभीपाड्यातल्या चाळी आणि पुनर्वसन इमारतींतली 300 चौरस फुटांची घरे. कारखान्यांत आयुष्य काढलेल्या कुटुंबांची सारी कमाई बहुधा एवढीच. गावच्या सामाईक सातबाऱ्यावर नाव असले तरी म्हातारपणी आधार असतो तो या घराचाच. म्हणून ते घर कोणी, कोणत्या मनःस्थितीत दुसऱ्याच्या नावावर केले, याची चौकशी सरकारने गांभीर्याने केली पाहिजे. आज ती होत नाही.

राहते घर पती, पत्नी, मुले किंवा नातवंडांना बक्षीस देताना महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. ही सवलत योग्यच आहे. मात्र तिच्यामुळे घरोघरी ‘आत्ताच बक्षीसपत्र करून टाका, नंतर कटकट नको’ असा आग्रह सुरू झाला. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते आणि तोवर ते कितीही वेळा बदलता येते. ते साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होते, नोंदणीची सक्ती नसते. बक्षीसपत्राचे तसे नाही. ते नोंदवले आणि समोरच्याने स्वीकारले की घर गेले. आई-वडील त्याच खोलीत राहतात, पण मुलाच्या मर्जीवर. हा फरक सही करणाऱ्याला कोणी समजावून सांगते का?

बक्षीसपत्राबाबत कायद्यात उणीव नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार घर देणारा करार करण्यास सक्षम हवा. म्हणजे तो सज्ञान हवा आणि व्यवहार समजून घेऊन त्यात आपले हित-अहित ठरवण्याइतके त्याचे मन शाबूत हवे. 1908 च्या नोंदणी कायद्याचे कलम 35 तर स्पष्टच आहे. दस्त करून देणारी व्यक्ती अज्ञान किंवा मनाने असमर्थ दिसली तर निबंधकाने नोंदणी नाकारलीच पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीच्या घरी जाऊन नोंदणी करण्याची सोयही त्याच कायद्यात आहे. परंतु खिडकीपाशी फोटो निघतो, अंगठा उमटतो, आधार जुळते आणि पुढचा नंबर पुकारला जातो. माणसाची ओळख पटते, त्याची समज पटत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना मुला-सुनेपासून बाजूला घेऊन ‘हे घर आजपासून तुमचे राहणार नाही, ठाऊक आहे ना?’ एवढे विचारायला पाच मिनिटे लागतात. आमची मागणी त्या पाच मिनिटांची आहे. ज्येष्ठांच्या प्रत्येक बक्षीसपत्रासाठी ती सक्तीची करावीत आणि उत्तर दस्ताला जोडावे.

दुसऱ्या बाजूला, ज्यांना समज आहे त्यांच्यावर अविश्वास. अंध, मूकबधिर किंवा निरक्षर म्हणून कोणी अपात्र ठरत नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा सांगतो की आपण काय करतो आहोत हे कळणारी अंध वा मूकबधिर व्यक्ती मृत्युपत्र करू शकते. घेण्याच्या बाबतीत कायदा आणखी उदार आहे. वारस म्हणून पोटातल्या बाळाचाही हक्क धरला जातो, आणि अज्ञान मुलाच्या वतीने पालक बक्षीस स्वीकारू शकतो. आजार किंवा अपंगत्वामुळे वारसा नाकारता येत नाही, हे 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 28 मध्येच आहे. तरीही ‘त्याला काय कळते’ म्हणत मतिमंद भावाचा वाटा मोडला जातो आणि बहिणींकडून हक्कसोडपत्र घेतले जाते. हा अन्याय घराच्या चार भिंतींआड होतो, म्हणून त्याची बातमी होत नाही.

फसवणूक झाल्यावर वाट आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेले घर, मुलांनी अट मोडल्यास परत मिळवता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2 जानेवारी 2025 च्या निकालात या कलमाचा उदार अर्थ लावला. पण अट सिद्ध व्हावी लागते, म्हणून ती दस्तातच लिहून घ्या, असे आम्ही प्रत्येक आई-वडिलांना कळकळीने सांगतो. महिला व दिव्यांगांना उत्पन्नाची अट न घालता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्या प्राधिकरणाचे टेबल नोंदणी कार्यालयातच हवे.

आणि ज्यांची समज पूर्ण हरपली, त्यांचे काय? 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशांच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. 2017 च्या नव्या कायद्याने ती वगळली. कोमातील पतीच्या पालकत्वासाठी एका पत्नीला थेट मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. ऑगस्ट 2020 मध्ये न्यायालयाने, त्यासाठी कायदाच नसल्याने, स्वतःच्या घटनात्मक अधिकारात तिला पालक नेमले. हातावर पोट असलेल्या भांडुपच्या बाईला हा रस्ता परवडणारा नाही. जिल्हा न्यायालयातच, ठरावीक मुदतीत आणि हिशेबाच्या देखरेखीखाली असा पालक नेमण्याचा कायदा संसदेने करावा, आणि त्यासाठी मुंबईच्या खासदारांनी पुढाकार घ्यावा.