दप्तराविना दिवस, पण जायचं कुठे?

मैत्रिणींनो, शाळेतून सहलीचा कागद आला की आपल्या घरात पहिला प्रश्न कुठला निघतो? 'पैसे किती?' आणि मुलगी असेल तर लगेच दुसरा, 'परत किती वाजता?' तिथं जाऊन मुलं करणार काय, हे विचारायचं राहूनच जातं.

आता ते विचारायला हवं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत असं सुचवलं. सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन मुलांनी हातानं काम करावं, हा हेतू. २०२४मध्ये एनसीईआरटीनं त्याच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. तशी कल्पना जुनीच. गांधीजींनी १९३७मध्ये वर्ध्याला हेच तर मांडलं होतं. पण काही शाळांनी सोपी वाट शोधलीय. बस ठरवायची नि वॉटर पार्क गाठायचं!

अठरा वर्षांपूर्वी मी इथं सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांच्या वस्तीत शिकवणी घ्यायचे. तिथल्या वीसेक मुलींना आम्ही नान्नजच्या माळावर नेलं. माळढोकसाठी १९७९मध्ये राखलेलं हे अभयारण्य, शहरापासून तासाभराच्या आत. एकीची आई काही केल्या सोडेना. पोरगी गेली तर तेवढ्या विड्या कमी भरणार ना! शेवटी शेजारणींनी त्या आपसांत वाटून घेतल्या, तेव्हा ती आली.

माळढोक काही दिसला नाही. पोरी हिरमुसल्या. मग बरोबरच्या गुरुजींनी प्रत्येकीला दोरीचा तुकडा दिला. जमिनीवर चौकोन करा, आत जे दिसेल ते मोजा. मला सगळं गवत एकसारखंच दिसत होतं. या मुलीनं सात तऱ्हेचं वेगळं काढलं! मुंग्या मोजल्या, लेंड्या मोजल्या. माळढोकची मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते, माळ नांगरला की ते गेलंच, हे गुरुजींनी सांगितलं तेव्हा कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. आज तिथं माळढोक दिसणं जवळजवळ दुरापास्त झालंय.

ती मुलगी पुढे बारावी झाली. सहलीमुळे झाली, असं मी म्हणणार नाही. आईनं विड्या वळल्या म्हणून झाली. पण परवा मंडईत भेटली तेव्हा सांगत होती, पाऊस पडला की दारातलं गवत ती अजून लेकीला ओळखायला लावते. अठरा वर्षं टिकलेला धडा माझ्या शाळेच्या पुस्तकातला मला तरी आठवत नाही.

तिच्या हातात लेकीच्या शाळेचा कागद होता. वॉटर पार्क, बाराशे रुपये. मला विचारते कशी, "काकू, तिथं मोजायचं काय असतंय?"

पाण्यात खेळण्यात वाईट काही नाही, माझी मुलंही खेळलीत. पण बाराशे रुपये म्हटल्यावर कुणाकुणाची नावं गळतात, हे वस्तीत फिरलेल्या बाईला सांगायला नको. दोन भावंडं असली तर मुलाचे पैसे भरले जातात. नान्नज आहे, सिद्धेश्वर तलाव आहे, चादरीचे माग आहेत. एसटीच्या नाहीतर रिक्षाच्या भाड्यात जमतं, मग कुणी मागं राहात नाही.

येत्या पालकसभेला आम्ही दोघी जाणार आहोत. येताना दोरी घेऊन येते म्हणाली.