'तम्मा तम्मा' आणि मोरी कांते: वरातीत वाजणाऱ्या आफ्रिकी स्वराचे श्रेय कोणाचे?

#धागा

१/ अकोल्यात किंवा अमरावतीत लग्नसराईच्या दिवसांत वरात निघाली, की डीजेच्या गाडीवर जुन्या हिंदी गाण्यांची पाळी कधी ना कधी येतेच. त्यांत 'तम्मा तम्मा लोगे' आणि 'जुम्मा चुम्मा दे दे' ही दोन गाणी हमखास असतात. ठेका कानी पडताच नवरदेवाच्या मामापासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे नाचू लागतात. या दोन्ही गाण्यांच्या मुळाशी पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशाच्या एका गवयाचे गाणे आहे, हे मात्र नाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

२/ त्या गवयाचे नाव मोरी कांते. आफ्रिकी कंठ आणि इलेक्ट्रॉनिक वाद्ये यांचा मेळ घालणाऱ्या संगीताचा इतिहास त्याच्या नावाशिवाय पुरा होत नाही. असे संगीत मिश्र असते म्हणून कमअस्सल ठरत नाही. मिश्रण करताना मूळ गाणाऱ्याचे नाव पुसले गेले, तर मात्र इतिहासाचे नुकसान होते. हे नुकसान कसे असते, ते कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडाला तरी वेगळे समजावून सांगावे लागू नये.

३/ मोरी कांते यांचा जन्म १९५० साली गिनीत, 'जेली' घराण्यात झाला. फ्रेंच अमदानीपासून जगाला हे गवई 'ग्रिओ' या नावाने परिचित आहेत. राजांच्या वंशावळी मुखोद्गत ठेवणे, पराक्रमाची गाणी गाणे, लग्नात आणि भांडणात मध्यस्थी करणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. महाराष्ट्रात वंशावळ राखणारे भाट आणि देवीची आख्याने रात्रभर गाणारे गोंधळी एकत्र कल्पावेत, म्हणजे जेलीचे चित्र थोडेफार डोळ्यांपुढे येते.

४/ लहानपणीच त्यांना माली देशात आत्याकडे धाडण्यात आले. तेथे ते 'कोरा' शिकले. अर्धा भोपळा, त्यावर ताणलेले कातडे, लांब दांडी आणि २१ तारा असे हे वाद्य. भोपळ्याच्या पोकळीतून स्वर घुमवण्याची युक्ती तंबोरा ऐकणाऱ्या कानाला परकी वाटण्याचे कारण नाही.

५/ पुढचा टप्पा रेल्वेचा आहे. १९७० साली मालीची राजधानी बामाको येथील रेल्वेस्थानकाच्या हॉटेलात 'रेल बँड' नावाचा वाद्यवृंद उभा राहिला. त्याला सरकारी रेल्वेचा आश्रय होता. १९७१ साली कांते त्यात दाखल झाले. मुख्य गायक होते सलिफ केता. ते १९७३ मध्ये बाहेर पडले आणि गायकाची जागा कांते यांच्याकडे आली. गिटार, सॅक्सोफोन आणि जुनी मांदे गाणी यांचा संसार तेथे आधीच जुळलेला होता.

६/ म्हणजे पॅरिसला पोहोचण्यापूर्वीच या संगीतात मिश्रण झालेले होते. 'शुद्ध आफ्रिकी' गायक भोळेपणाने युरोपात गेला आणि तेथे यंत्रांनी त्याला गिळले, अशी कथा पुष्कळदा सांगितली जाते. ती ऐकायला करुण वाटते, पण खरी नाही. कांते आबिजानमार्गे पॅरिसला गेले, तेव्हा विजेवरची वाद्ये त्यांच्या चांगल्या परिचयाची होती.

७/ १९८७ साली त्यांचा 'अक्वाबा बीच' हा अल्बम आला. कोऱ्याच्या तारा, सिंथेसायझर, यंत्रावर बांधलेला नाचता ठेका आणि त्यावर जेली घराण्याचा उंच, खडा आवाज. त्यातील 'ये के ये के' हे गीत १९८८ मध्ये युरोपच्या संयुक्त विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेले. दहा लाखांहून अधिक प्रती खपलेले पहिले आफ्रिकी एकलगीत म्हणून ते ओळखले जाते. १९९४ मध्ये 'हार्डफ्लोर' या जर्मन जोडीने त्याचे टेक्नो रूप केले आणि ते नव्या पिढीच्या नाचघरांतही शिरले.

८/ याच अल्बमात 'तामा' नावाचे एक गाणे आहे. १९९० साली 'थानेदार' या हिंदी चित्रपटात बप्पी लाहिरी यांच्या संगीतात 'तम्मा तम्मा लोगे' आले. बप्पीदा आणि अनुराधा पौडवाल यांनी ते गायिले. पडद्यावर माधुरी दीक्षित आणि संजय दत्त. पाठोपाठ १९९१ च्या 'हम'मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे 'जुम्मा चुम्मा दे दे' आले. ते सुदेश भोसले आणि कविता कृष्णमूर्ती यांनी गायिले. तिन्ही गाणी लागोपाठ ऐकावीत. चालीचे साम्य ऐकताक्षणी कळते.

९/ शब्दाचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. पश्चिम आफ्रिकेत 'तमा' हे एका वाद्याचे नाव आहे. डमरूसारखे मध्ये निमुळते, काखेत धरायचे, दोऱ्या दाबून सूर चढवायचा-उतरवायचा. मांदे भाषांत याच उच्चाराच्या जवळचा शब्द 'चालणे, प्रवास करणे' या अर्थानेही आहे. हिंदीत येताना वाद्यही गळाले आणि प्रवासही. उरला तो केवळ नाद. गंमत अशी की काखेत धरून तारेचा ताण कमी-अधिक करायचे चौंडके महाराष्ट्रातील देवीच्या भक्तांकडे आहेच. ओळख पटली असती, तर नाते सांगता आले असते.

१०/ २०१७ साली 'बद्रीनाथ की दुल्हनिया'मध्ये हे गाणे पुन्हा आले. या वेळी पुनर्रचनाकार म्हणून तनिष्क बागची यांचे नाव लागले, मूळ संगीतकार म्हणून बप्पी लाहिरी यांचे. सत्तावीस वर्षांत 'मूळ' या शब्दाची सीमा मुंबईपर्यंत येऊन थांबली होती. गिनीतला गवई तोवर हयात होता. २२ मे २०२० रोजी कोनाक्री येथे त्यांचे निधन झाले.

११/ आता वऱ्हाडाकडे यावे. १८५३ च्या तहाने निजामाकडून हा प्रांत इंग्रजांच्या कारभारात आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेली रेल्वे वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतून गेली. येथून सरकी काढलेल्या कापसाच्या गाठी जात आणि तिकडून कापड येई. कापडावर छाप गिरणीचा असे. बोंड वेचणाऱ्या हाताचा त्यावर कोठेच पत्ता नसे.

१२/ जागतिक संगीताच्या बाजारावर टीका करताना हाच दाखला मनात येतो: आफ्रिकेचा कंठ म्हणजे कापूस, युरोपचा स्टुडिओ म्हणजे गिरणी. दाखला प्रभावी आहे, पण कांते यांना तो लागू करणे अन्यायाचे होईल. ते केवळ कापूस पिकवणारे नव्हते. कोणता ठेका घ्यायचा, कोरा कोठे वाजवायचा, आवाज किती खडा ठेवायचा हे त्यांच्याच कलेचे निर्णय होते. अल्बमवर नाव त्यांचेच होते. त्यांनी स्वतःची गिरणी घातली होती. छाप पुसला गेला तो पुढच्या पेठेत.

१३/ कापसाचा दाखला खऱ्या अर्थाने लागू पडतो तो दुसऱ्या एका गाण्याला. १९९२ साली 'डीप फॉरेस्ट' या फ्रेंच जोडीने 'स्वीट ललबाय' प्रसिद्ध केले. सिंथेसायझरच्या धुक्यातून एका स्त्रीची अंगाई ऐकू येते. अल्बमचे नाव अरण्याचे आणि गाजावाजा मध्य आफ्रिकेतील पिग्मी लोकांचा. त्यामुळे जगभरच्या श्रोत्यांनी तो आवाज आफ्रिकी मानला. अल्बमला ग्रॅमीचे नामांकनही मिळाले.

१४/ प्रत्यक्षात ती अंगाई प्रशांत महासागरातील सॉलोमन बेटांची. गाणारीचे नाव अफुनाक्वा. मलाइता बेटावरील या स्त्रीचा आवाज संगीत-मानवशास्त्रज्ञ ह्यूगो झेम्प यांनी १९७० च्या सुमारास ध्वनिमुद्रित केला होता आणि युनेस्कोच्या मालिकेत तो प्रसिद्ध झाला होता. तिचे नाव गळाले, त्याबरोबर तिचे बेटही गळाले, खंडही बदलला. नाव ही मानपानाची बाब आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या उदाहरणाचा विचार करावा. नाव पुसले की भूगोल खोटा होतो.

१५/ इतिहासाच्या अभ्यासकाला हे नवे नाही. दख्खनमध्ये आफ्रिकी माणसे शतकानुशतके आली, त्यांतली बहुतेक गुलाम म्हणून. त्यांपैकी मलिक अंबर सर्वांच्या परिचयाचा आहे. वऱ्हाडातले बाळापूर तेव्हा मोगलांचे ठाणे होते. १६१६ साली अंबरावर रुसलेले काही सरदार तेथे शाहनवाजखानाला जाऊन मिळाले आणि त्यानंतरच्या रोशनगावच्या लढाईत अंबराचा पराभव झाला.

१६/ जहांगीराला अंबराचा इतका संताप होता की, त्याच्या मस्तकावर बाण सोडतानाचे स्वतःचे चित्र बादशहाने काढवून घेतले. प्रत्यक्षात तो क्षण कधीच आला नाही. पण शत्रूने रागाने का होईना, नाव आणि चेहरा नोंदवून ठेवला. अंबराबरोबर लढलेल्या असंख्य हबशी शिपायांच्या वाट्याला तेही आले नाही. इतिहासात कोण उरतो, हे अनेकदा कर्तृत्वाइतकेच नोंद करणाऱ्याच्या लेखणीवर ठरते.

१७/ येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. चाली सदैव फिरत आल्या आहेत. ठेक्याला सातबारा नसतो. खुद्द जेली गवईदेखील पूर्वजांची गाणीच नव्याने गातात. बप्पी लाहिरी आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गाण्यांत त्यांची स्वतःची कारागिरीही आहे, नाहीतर एकाच मुळातून इतकी वेगळी गाणी झाली नसती. हे सगळे मान्य करावे. देवाणघेवाण थांबवावी, असे कोणी शहाणा म्हणणार नाही.

१८/ पण या आक्षेपातच उत्तर आहे. जेली गवई जुने गाणे गातो, तेव्हा ते कोणाकडून आले हे सांगणे हा त्याच्या विद्येचाच भाग असतो. हिंदुस्थानी संगीतातही घराण्याचे आणि गुरूचे नाव घेतल्याशिवाय मैफल पुढे सरकत नाही. नाव घेताना कानाच्या पाळीला हात लागतो. घेण्यात कमीपणा कधीच नव्हता. कोणाकडून घेतले ते न सांगण्यात आहे.

१९/ हा प्रश्न दूरच्या गिनीपुरता राहिलेला नाही. गोंधळाची पदे, डहाक्यावरची गाणी, मेळघाटातील कोरकूंची नृत्यगीते, लग्नातली वऱ्हाडी गाणी आज मोबाइलवर ध्वनिमुद्रित होतात आणि आठवडाभरात डीजेच्या ठेक्यावर चढतात. हे चांगलेच आहे. गाणे नाचात जगते. मात्र फाइलच्या नावात मिसळणाऱ्याचे नाव ठळक असते आणि गाणाऱ्या आजीचे नाव, गाव, भाषा यांपैकी काहीच नसते. येथे कच्चा माल वऱ्हाडचा आहे आणि गिरणीही वऱ्हाडचीच.

२०/ कायदा या बाबतीत मागे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलावंताचा हक्क मान्य झाला. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात आणखी एक भर पडली: सादरीकरण आपले आहे अशी ओळख सांगण्याचा कलावंताचा नैतिक हक्क. परंतु ज्या बाईचे नावच कोणी लिहून ठेवले नाही, तिने तो हक्क कोणत्या कागदावर सिद्ध करावा?

२१/ म्हणून काम साधे आहे आणि ते तरुणांच्या हाती आहे. गाणे ध्वनिमुद्रित करताना आरंभी गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख त्याच्याच तोंडून वदवून घ्यावी. मिसळ तयार झाली की फाइलच्या नावात ते लिहावे. परवानगी घ्यावी, पैसा मिळाला तर वाटा द्यावा. भविष्यात एखादा अभ्यासक २०२० नंतरच्या वऱ्हाडाचे संगीत शोधू लागेल, तेव्हा त्याला अफुनाक्वासारखी चुकीच्या खंडात हरवलेली माणसे सापडू नयेत.

२२/ पुढल्या वरातीत 'तम्मा तम्मा' लागेल तेव्हा खुशाल नाचावे; ते गाणे नाचण्यासाठीच आहे. नाचून झाल्यावर शेजारच्याला एवढे सांगावे की, या ठेक्यामागे गिनीचा मोरी कांते नावाचा एक गवई होता, जो भोपळ्याच्या वाद्यावर २१ तारा छेडत असे. वंशावळी लक्षात ठेवणाऱ्या घराण्यातल्या माणसाचे नाव एवढे तरी लक्षात राहावे.

(धागा समाप्त)