वॉशिंग्टनची सही, वऱ्हाडचा कापूस

२७ ऑगस्ट २०२५ रोजी बहुतेक भारतीय मालावरचं अमेरिकेचं वाढीव आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेलं. त्यातले २५ टक्के ७ ऑगस्टपासूनच लागू होते. उरलेले २५ टक्के भारत रशियाकडून तेल घेतो म्हणून लावले गेले. या दोन्ही आकड्यांवर अमेरिकी काँग्रेसमध्ये मतदान झालं नव्हतं. अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून आदेशांवर सह्या केल्या होत्या. त्याच महिन्यात दिल्लीने परदेशी कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क शून्यावर आणलं, तेही एका अधिसूचनेने. अकोट आणि दर्यापूरच्या शिवारात पऱ्हाटी तेव्हा पात्याफुलांवर होती. बोंड फुटण्याआधीच बाजार नरमला, भारतीय कापूस महामंडळाने (सीसीआय) आपल्या जवळच्या गाठींचे विक्रीदर उतरवले आणि येणाऱ्या हंगामाचा अंदाज शेतकऱ्याला तिथेच आला.

यावर एक समजूत आपल्याकडे सर्रास ऐकू येते. परराष्ट्र व्यवहार एकहातीच हवा, असं ती सांगते. पाचशे लोक वाटाघाटी करू शकत नाहीत, शत्रू आणि बाजार दोघेही संसदेच्या अधिवेशनाची वाट पाहत नाहीत. शिवाय अमेरिकेत अध्यक्ष मोठा की काँग्रेस मोठी, हे त्यांचं घरचं भांडण, त्याच्याशी वऱ्हाडच्या शेतकऱ्याला काय देणंघेणं? ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्या चुकीची किंमत वऱ्हाडने याआधीही मोजली आहे.

१८६१ सालचं उदाहरण पाहा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. १९ एप्रिलला अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. काँग्रेस त्या वेळी भरलेली नव्हती. अध्यक्षांच्या एका जाहीरनाम्याने न्यू ऑर्लिन्स, चार्ल्सटन, सव्हाना इथून निघणाऱ्या कापसाची वाट अडली. (दक्षिणेच्या मळेवाल्यांनी ब्रिटनवर दडपण आणायला आपला माल आधी स्वतःहून रोखला होता, हेही खरं.) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, मुंबईत भाव भडकले आणि व्यापाऱ्यांच्या नजरा वऱ्हाडकडे वळल्या. अमरावती, अकोला, खामगाव ही नावं लिव्हरपूलच्या बाजारात पोचली. १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, अमेरिकी कापूस पुन्हा निघणार हे दिसलं आणि त्याच उन्हाळ्यात मुंबईचा सट्टा कोसळला. त्या तेजीवर ज्यांनी कर्ज उचललं होतं, त्यांच्या अंगावर मंदी आली.

एकहाती सत्तेचे समर्थक इथे लिंकनचंच नाव पुढे करतात. लिंकन थांबले असते तर संघराज्य फुटलं असतं, असं ते म्हणतात. पण लिंकननी पुढे काय केलं, ते सांगायचं राहून जातं. त्यांनी बोलावलेलं काँग्रेसचं खास अधिवेशन ४ जुलैला भरलं, तेव्हा त्यांनी केलेल्या गोष्टींचा हिशेब तिच्यापुढे मांडला आणि मान्यता मागितली. ६ ऑगस्टच्या कायद्याने काँग्रेसने ती दिली. नाकेबंदीत पकडलेल्या जहाजांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा १८६३ मध्ये निकाल लागला तो ५ विरुद्ध ४ मतांनी. देश फुटत असताना, यादवी युद्ध चालू असतानाही चार न्यायमूर्ती म्हणत होते की काँग्रेसच्या संमतीआधी अध्यक्षांना हा अधिकार नव्हता. ज्या प्रसंगाचा दाखला देऊन आज काँग्रेसला बाजूला सारलं जातं, त्या प्रसंगी अध्यक्ष स्वतः काँग्रेसच्या दारात गेले होते.

दुसरा लाडका दाखला १९३६ च्या कर्टिस-राइट खटल्याचा. परराष्ट्र व्यवहारात अध्यक्ष हेच राष्ट्राचं एकमेव मुख, हे वचन त्या निकालामुळे गाजलं. खटला कशावरून होता? बोलिव्हिया आणि पॅराग्वे यांच्या युद्धात शस्त्रविक्री रोखण्याचा अधिकार काँग्रेसने ठराव करून अध्यक्षांना दिला होता. म्हणजे संमती आधीच होती. आणि ते वचनही न्यायालयाचं नव्हे. ते जॉन मार्शल यांच्या १८०० सालच्या भाषणातलं आहे. प्रतिनिधिगृहात एका कैद्याच्या हस्तांतरणावर ते बोलत होते आणि झालेला करार अध्यक्षांनी अमलात आणायचा असतो, एवढाच त्यांचा मुद्दा होता. अंमलबजावणीच्या वाक्यातून मनमानीचा परवाना काढणं हा वकिली हिशेब आहे, घटनेचा अर्थ नव्हे. अमेरिकी घटनेच्या पहिल्या कलमात कर आणि आयातशुल्क बसवणं, परदेशांशी व्यापाराचे नियम करणं आणि युद्ध पुकारणं हे तिन्ही अधिकार काँग्रेसकडे दिलेले आहेत.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. संसद तरी कुठे शहाणी असते? १९३० चा स्मूट-हॉली कायदा काँग्रेसनेच केला, शेकडो वस्तूंवरचं शुल्क वाढवलं आणि जगाचा व्यापार आणखी आक्रसला. आक्षेप खरा आहे, त्याला बगल देऊ नये. पण तो कायदा एक वर्षाहून जास्त काळ उघड्यावर चालला, हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी सही करून त्याला विरोध केला, कोणत्या सदस्याने कुठे मत दिलं ते लोकांना कळलं. १९३२ मध्ये तो कायदा मांडणाऱ्या स्मूट आणि हॉली दोघांनाही मतदारांनी नाकारलं. १९३४ मध्ये काँग्रेसने अध्यक्षांना शुल्क कमी-जास्त करण्याची मुभा दिली, तीही मोजून: जास्तीत जास्त निम्म्याने, आणि तीन वर्षांपुरती. मुदत संपली की पुन्हा मागायला या. संसद चुकते तेव्हा चूक कोणाची ते दिसतं आणि दुरुस्तीची वाट उघडी राहते. रात्रीतून निघालेल्या आदेशाबाबत यातलं काहीच होत नाही.

२०२५ मध्ये वापरलेला कायदा १९७७ चा. निक्सन यांच्या काळातल्या आणीबाणीच्या अधिकारांना लगाम घालायला तो आणला गेला, आणि आयातशुल्क हा शब्द त्यात नाही. त्याच्या आदल्या वर्षी केलेल्या कायद्याने काँग्रेसला साध्या बहुमताच्या ठरावाने आणीबाणी रद्द करता येत होती. १९८३ च्या चढ्ढा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षांच्या सहीविना होणारे असे ठराव घटनाबाह्य ठरवले आणि ती सोय गेली. आता असा ठराव अध्यक्षांच्याच सहीसाठी जातो आणि त्यांनी नकार दिला तर दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतं लागतात. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी सिनेटने जगभरच्या शुल्कांची आणीबाणी संपवण्याचा ठराव ५१ विरुद्ध ४७ असा मंजूर केला, चार रिपब्लिकन सदस्यांनी त्याला साथ दिली. प्रतिनिधिगृहाच्या नेतृत्वाने मात्र आधीच वेगळी तजवीज करून ठेवली होती. ठराविक दिवसांत मतदान घ्यावंच लागेल, असं कायदा सांगतो. सभागृहाने नियम करून टाकला की त्या कायद्यापुरते हे दिवस दिवस म्हणून धरायचेच नाहीत. लोकांनी निवडून दिलेलं सभागृह स्वतःचाच अधिकार असा मिटवून टाकतं, हे पाहून लोकशाहीची चाड असलेल्या माणसाला वेदना झाल्याशिवाय राहत नाहीत.

मग न्यायालयं आहेत की, असं कोणी म्हणेल. आहेत. २८ मे २०२५ ला आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने या कायद्याखाली लावलेली जगभरची शुल्कं बेकायदा ठरवली. ५० टक्के लागू झाल्यावर दोनच दिवसांनी, २९ ऑगस्टला, अपील न्यायालयानेही ७ विरुद्ध ४ मतांनी तेच सांगितलं. पण निकालाला वरच्या अपिलापर्यंत स्थगिती होती, वसुली चालूच राहिली. नोव्हेंबरच्या ५ तारखेला सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद झाले, तोवर वऱ्हाडात वेचणी सुरू झाली होती. न्यायालय झालेली चूक दुरुस्त करतं. चूक होण्याआधी विचारायचं काम विधिमंडळाचं.

अमेरिकेला हे सुनावताना आपल्या अंगणातलंही पाहिलं पाहिजे, आणि इथे समर्थकांची सगळ्यात जास्त अडचण होते. भारतात परदेशाशी करार करायला संसदेची संमती लागत नाही. १५ एप्रिल १९९४ ला माराकेशला जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सही झाली, ज्याने शेतीचा बाजार बदलला, पण त्याच्या मंजुरीसाठी संसदेत मतदान झालं नाही. २००८ चा भारत-अमेरिका अणुकरार अमेरिकेत दोन्ही सभागृहांच्या मतांनी पार पडला. आपल्याकडे २२ जुलैला ठरावावर २७५ विरुद्ध २५६ मतं पडली, पण तो होता विश्वासदर्शक ठराव, सरकार टिकणार की नाही एवढाच. त्या चर्चेत यवतमाळ जिल्ह्यातल्या जळका गावच्या एका शेतकरी विधवेचं नाव घेतलं गेलं आणि देशभर गाजलं. करारावर मात्र तिच्या प्रतिनिधीला मत देता आलं नाही. न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील घटना-आढावा आयोगाने २००२ मध्ये करारांवर संसदेची देखरेख हवी, असं सुचवलं. ती सूचना तशीच पडून आहे.

कापसाचं तर याहून सरळ आहे. ११ टक्क्यांचं शुल्क २०२१ च्या अर्थसंकल्पात सभागृहासमोर आलं होतं. ते उठवलं गेलं १८ ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने, ३० सप्टेंबरपर्यंत. त्या दिवशी संसदेचं अधिवेशन चालू होतं, तरी आधी चर्चा नाही. २१ ऑगस्टला अधिवेशन संपलं, आणि २८ ऑगस्टला सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. पहिली मुदत कापूस बाजारात येण्याआधी संपत होती, दुसरीने ऐन हंगाम झाकून टाकला. लांब धाग्याचा हमीभाव होता ८,११० रुपये. पण सीसीआयच्या केंद्रावर ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत लागतो, ॲपवर नोंदणी लागते. दिवाळीला पैसा हवा असलेल्या माणसाला खेडा खरेदीवाल्याला हमीभावाच्या खालीच माल घालावा लागला.

कापड गिरण्यांची अडचण खोटी नव्हती. अमेरिका हा आपल्या तयार कपड्यांचा सगळ्यात मोठा ग्राहक, आणि ५० टक्क्यांच्या फटक्यात तिरुपूरच्या कामगाराची भाकरीही सापडली होती. म्हणूनच हा प्रश्न सभागृहात यायला हवा होता. तिथे अकोल्याचा खासदार विचारू शकला असता की गिरणीला दिलासा द्यायचा तर तो एकट्या कापूस उत्पादकाच्या पदरातून का, फरकाची रक्कम सरकार का देत नाही. कोइमतूरच्या खासदाराने त्याला उत्तर दिलं असतं.

त्यासाठी घटना बदलावी लागत नाही. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २५ ने सरकारला सूट देण्याचा अधिकार दिला, तसं कलम १५९ ने अशी अधिसूचना संसदेपुढे ठेवण्याचं बंधनही घातलं, आणि सभागृहांना ती बदलण्याचा वा रद्द करण्याचा हक्क दिला. हा हक्क जवळजवळ कधी वापरला जात नाही. हिवाळी अधिवेशन १ डिसेंबरला भरलं, तेव्हा सवलतीचा एक महिना उरला होता. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा इथून निवडून गेलेल्यांनी, पक्ष कोणताही असो, पुढच्या वेळी अशी अधिसूचना निघताच पहिल्याच आठवड्यात या कलमाखाली प्रस्ताव द्यावा. शेतमालावरची कोणतीही शुल्कसूट ६० दिवसांच्या पुढे संसदेच्या मताशिवाय जाऊ नये, अशी दुरुस्तीही मागावी. अमेरिकी काँग्रेसने १९३४ मध्ये आपल्या अध्यक्षाला मुदतीत बांधलं होतं, दिल्लीच्या अर्थ मंत्रालयाला तसं बांधायला आपल्या खासदारांना कोणी अडवलेलं नाही.