जोड पक्का, तरच शाळा पक्की

जूनचा पाऊस आणि शाळेची घंटा आपल्याकडे एकाच सुमारास ऐकू येतात, आणि त्याच सुमारास शाळांची छपरेही गळू लागतात. मग वर्ग भरतात ते देवळात, समाजमंदिरात किंवा ओलसर व्हरांड्यात. नव्या खोल्यांचे काम निघालेच, तर तेही एका पावसाळ्यातून दुसऱ्या पावसाळ्यात रेंगाळते. अशा वेळी कोणी सांगू लागला की, कारखान्यात साच्यात ओतलेले काँक्रीटचे खांब, तुळया आणि छताचे तक्ते आणून उभे केले म्हणजे उन्हाळ्याच्या एका सुट्टीत शाळा तयार होते, तर ते ऐकावयास कोणाला आवडणार नाही? आम्हांलाही आवडते. या प्रीकास्ट पद्धतीचे आम्ही विरोधक नाही, हे प्रारंभीच सांगून टाकतो. परंतु ज्या छताखाली आपली लेकरे दिवसाचे सहा तास बसणार, त्याविषयी चार प्रश्न विचारणे हा विरोध नव्हे, तो पालकांचा धर्म आहे.

या पद्धतीचे गुण खरे आहेत. शाळेची खोली ही एकाच मापाची, पुन्हापुन्हा बांधावयाची वस्तू. म्हणून एकदा केलेला साचा शेकडो वेळा वापरता येतो. कारखान्यात वाळू, सिमेंट आणि पाणी यांचे प्रमाण मोजून घालता येते, काँक्रीटवर पाणी मारण्याची हयगय होत नाही, आणि सदोष तक्ता वेळीच बाजूला काढता येतो. गावच्या बांधकामावर मात्र मिश्रणात पाणी किती ओतले याचा हिशेब पाट्या वाहणाऱ्याच्या मर्जीवर! रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तर लहान तक्ते आणि त्यांना आधार देणारे वासे अशी छताची पद्धत केव्हाच सिद्ध करून ठेवली आहे. जिथे क्रेन पोहोचत नाही त्या डोंगरकपारीच्या वाडीतही चार गडी ते तक्ते उचलून चढवू शकतात. अर्थात हा विषय केवळ मोठ्या शहरांचा नाही.

पण प्रीकास्ट इमारतीचे बळ तिच्या तक्त्यांत नसते, ते तक्त्यांच्या जोडांत असते. जागेवर ओतलेल्या स्लॅबमध्ये खांब, तुळई आणि छत यांच्या सळ्या एकमेकींत गुंफलेल्या असतात. कारखान्यातून आलेले भाग मात्र सुटे येतात. त्यांना सळ्यांनी बांधून, फटींत काँक्रीट भरून, वर जाळी अंथरून एकसंध थर दिला, तरच ती इमारत होते. नाहीतर ती पत्त्यांची रचना.

ही आमची कविकल्पना नव्हे. 26 जानेवारी 2001 रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छची भूमी हादरली, तेव्हा गुजरात सरकारने थोड्याच काळापूर्वी उभारलेल्या प्रीकास्ट शाळांपैकी अनेक कोसळल्या. जुन्या, मोडकळीस आलेल्या नव्हेत, नव्याकोऱ्या! छताचे तक्ते आधारांवर जवळजवळ नुसते टेकविलेले होते. त्यांना परस्परांशी आणि आधाराशी जखडणारे बंध पुरेसे नव्हते. जमीन हलली, आधार सरकला, तक्ता खाली आला. प्रजासत्ताक दिन असल्याने वर्ग भरलेले नव्हते. झेंडावंदनाच्या त्या दिवसाऐवजी एखादा साधा सोमवार असता तर काय झाले असते, याचा विचारही करवत नाही.

भूकंपच यावा लागतो असेही नाही. इंग्लंडमध्ये गेल्या शतकाच्या मध्यापासून वजनाला हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे तयार तक्ते शाळांच्या सपाट छपरांवर घातले गेले. स्वस्त आणि झटपट काम, म्हणून सारे खूष. 2018 साली केंट परगण्यातील एका प्राथमिक शाळेचे छत अकस्मात कोसळले. सुट्टीचा दिवस होता म्हणून मुले वाचली. पुढे ऑगस्ट 2023 च्या अखेरीस, शाळा उघडण्यास काही दिवस उरले असताना, शंभराहून अधिक शाळांना इमारती किंवा त्यांचे भाग बंद करण्यास सांगावे लागले. ज्या छपरात पाणी मुरते आणि ज्याचा तक्ता आधारावर बोटभरच टेकतो, ते छप्पर वरून शाबूत दिसले तरी आतून खचत असते. आपल्याकडचा धुवाधार पाऊस पाहता हा धडा विसरणे परवडणारे नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘मग आपल्या जुन्या भिंतीच बऱ्या.’ तेही खरे नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात माणसे चिरडली गेली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि मातीच्या जड धाब्यांखाली. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा धक्का आपल्या वडीलधाऱ्यांना आजही आठवतो. तेव्हा प्रश्न जुने की नवे हा नसून, बांधलेले की नुसते रचलेले, हा आहे.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली आणि सर्व ऋतूंत टिकणारी इमारत हे शाळेचे किमान मान ठरविले आहे. त्याच कायद्याने शाळेच्या समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. आपण जिला शाळा सुधारणा समिती म्हणतो, ती समिती केवळ पंधरा ऑगस्टचा खाऊ वाटण्यासाठी नाही! नव्या खोलीचा नारळ फोडण्यापूर्वी तिने ठेकेदारास आणि अभियंत्यास रोखठोक विचारावे: तक्ता आधारावर किती इंच टेकतो? तक्ते एकमेकांशी आणि तुळयांशी कोणत्या सळ्यांनी बांधले आहेत? वरचा थर जाळीसह ओतला काय? पूर्वरचित बांधकामासाठी भारतीय मानक ब्युरोची संहिता आहे. तीप्रमाणे काम झाल्याचा सहीचा दाखला कोठे आहे? आणि जोड झाकण्यापूर्वी ते कोणी तपासले?

ज्या ठेकेदारास हे प्रश्न टोचतील, त्याचे काम तपासण्याची गरज अधिक आहे, असे खुशाल समजावे. आणि जो अधिकारी ‘यातले तुम्हांला काय कळते’ म्हणेल, त्याला एवढेच सांगावे की, काँक्रीट आम्हांला कळत नसेल, पण त्याखाली बसणारी मुले आमची आहेत.

शाळा लवकर व्हावी ही आमचीही निकड आहे. गळक्या छपराखाली आणखी एक पिढी बसविण्यास आम्ही तयार नाही. परंतु उद्घाटनाची तारीख साधण्यासाठी जोड कच्चा ठेवणाऱ्यास आम्ही शाळा बांधणारा म्हणणार नाही. खोली महिनाभर उशिरा झाली तर मुले देवळात शिकतील. छत पडले तर शिकावयास मुले कोठून आणावयाची?